हाडाच्या कर्करोगातील मायक्रोआरएनए : वाढ, फैलाव आणि निदानाची वाट

हाडाचा कर्करोग हा शब्द बोलण्यात दोन अगदी भिन्न आजारांसाठी वापरला जातो. स्तन, पुरःस्थ ग्रंथी किंवा फुप्फुस यांत सुरू झालेला कर्करोग पुढे हाडात उतरतो तो एक, आणि मुळातच हाडाच्या पेशींतून उगवणारा तो दुसरा. प्रस्तुत आढावा दुसऱ्या प्रकाराचा, त्यातही मुख्यतः ऑस्टिओसार्कोमा या रोगाचा आहे. हाड घडवणाऱ्या पेशींच्या वंशातील पेशी बेबंद वाढू लागतात आणि वाढता वाढता कच्चे, अपक्व हाड तयार करत राहतात, हे या रोगाचे लक्षण असून सूक्ष्मदर्शकाखाली त्याची ओळख याच कच्च्या हाडावरून पटते. तो प्रामुख्याने वयाच्या दुसऱ्या दशकात, म्हणजे उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात, दिसतो आणि शरीरातील सर्वांत वेगाने वाढणाऱ्या जागा निवडतो : मांडीच्या हाडाचे गुडघ्याकडील टोक, नडगीचे वरचे टोक आणि दंडाच्या हाडाचे खांद्याकडील टोक. रोग विरळ आहे. जगभरच्या नोंदींनुसार दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण ३ ते ४ नवे रुग्ण आढळतात. हा दर पूर्व महाराष्ट्रातील भंडारा जिल्ह्याला लावला, तर २०११च्या जनगणनेतील सुमारे १२ लाख लोकसंख्येत वर्षाकाठी चार-पाच रुग्ण एवढाच हिशेब निघतो. संख्येने लहान असलेला हा आजार ज्या घरात येतो तेथे बहुधा शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला गाठतो, हे त्याचे खरे वजन आहे.

१९७०च्या दशकापूर्वी या रोगावर रोगग्रस्त पाय किंवा हात कापून टाकणे हाच उपाय होता, आणि तो वेळेत करूनही पाच रुग्णांपैकी जेमतेम एक दीर्घकाळ जगत असे. कारण शस्त्रक्रियेच्या दिवशी छातीच्या क्ष-किरण चित्रात काहीही दिसत नसले तरी बहुसंख्य रुग्णांच्या फुप्फुसांत रोगाचे सूक्ष्म कण आधीच पोचलेले असत. मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन या औषधांची केमोथेरपी आल्यावर चित्र पालटले आणि रोग एका जागी मर्यादित असलेल्या रुग्णांपैकी ६० ते ७० टक्के बरे होऊ लागले. फुप्फुसांत गाठी दिसू लागलेल्या रुग्णांत बरे होण्याचे प्रमाण मात्र आजही साधारण २० ते ३० टक्क्यांच्या आसपास अडकलेले आहे. त्यानंतरच्या चार दशकांत शस्त्रक्रिया कितीतरी सुधारली, पाय न कापता रोगट हाड काढून तेथे धातूचा सांधा बसवणे ही नित्याची गोष्ट झाली, परंतु जगण्याचे प्रमाण फारसे पुढे सरकले नाही. १७ देशांनी मिळून २००५ साली सुरू केलेल्या युरामॉस-१ या चाचणीत २,२६० रुग्णांची नोंद झाली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या केमोथेरपीला ज्यांच्या गाठीने पुरेसा प्रतिसाद दिला नाही अशांना आणखी दोन औषधे जोडून पाहण्यात आली, पण विषारी परिणाम वाढले आणि लाभ दिसला नाही. गाठ दाद देत नाही हे दहा-बारा आठवड्यांनी कळणे उशिराचे ठरते, असा याचा एक अर्थ लावता येतो. कोणाचा रोग फैलावणार आणि कोणाचा औषधाला जुमानणार नाही, हे बायोप्सीच्या पहिल्याच तुकड्यात, पहिल्याच आठवड्यात वाचता येईल का, हा या क्षेत्रातील मूळ प्रश्न आहे आणि मायक्रोआरएनए या रेणूंकडे संशोधकांचे लक्ष वळण्याचे कारणही तेच आहे.

पेशीच्या केंद्रकातील डीएनएमध्ये प्रथिने बनवण्याच्या सूचना असतात, त्या सूचनांची नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपाने केंद्रकाबाहेर येते आणि तिच्या आधारे प्रथिन घडते, एवढी साखळी शालेय पाठ्यपुस्तकातून परिचित आहे. या साखळीत आणखी एक नियंत्रक असतो हे १९९३ साली प्रथम कळले. व्हिक्टर अँब्रोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका सूक्ष्म सूत्रकृमीत लिन-४ नावाचे असे जनुक सापडले की ज्यातून प्रथिन तयारच होत नव्हते, फक्त सुमारे २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा तयार होत होता. गॅरी रव्हकन यांनी त्याच वर्षी दाखवून दिले की हा तुकडा दुसऱ्या एका जनुकाच्या संदेशावर चिकटून त्याचे काम रोखतो. सात वर्षे हा कृमीपुरता अपवाद समजला गेला, परंतु २००० साली रव्हकन यांच्याच प्रयोगशाळेत सापडलेला लेट-७ हा दुसरा तुकडा माशीपासून माणसापर्यंत जवळजवळ जसाच्या तसा आढळला, तेव्हा हा बहुतेक प्राण्यांतील जुन्या आणि सामाईक यंत्रणेचा भाग आहे हे स्पष्ट झाले. या दोघांना २०२४चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच शोधासाठी.

मायक्रोआरएनए तयार होण्याची पद्धत थोडक्यात अशी. डीएनएवरून प्रथम एक लांब आरएनए उतरवला जातो, जो स्वतःवरच दुमडून केसाच्या आकड्यासारखा वाकतो. केंद्रकातील ड्रोशा नावाचे विकर त्याचा सुमारे ७० अक्षरांचा भाग कापून काढते, तो केंद्रकाबाहेर येतो, तेथे डायसर हे दुसरे विकर त्याला आणखी कापून सुमारे २२ अक्षरांवर आणते, आणि हा अंतिम तुकडा आर्गोनॉट या प्रथिनात बसून संदेशवाहक आरएनएच्या शोधात निघतो. तुकड्याच्या सुरुवातीच्या दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतच्या अक्षरांना बीजभाग म्हणतात. ज्या संदेशाच्या शेपटाशी हा बीजभाग जुळतो त्या संदेशाची एक तर लवकर मोडतोड होते किंवा त्यावरून प्रथिन बनण्याचा वेग मंदावतो. एवढ्या छोट्या जुळणीवर काम चालत असल्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर परिणाम करू शकतो आणि एका जनुकावर अनेक मायक्रोआरएनएंचा ताबा असू शकतो; माणसाच्या प्रथिन-जनुकांपैकी निम्म्याहून अधिक जनुके या नियंत्रणाखाली असल्याचे मानले जाते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेणे आवश्यक आहे. मायक्रोआरएनए बहुधा कोणतेही जनुक पूर्ण बंद करत नाही; भंडाऱ्याकडील धानाच्या शेतात धुऱ्याला केलेली पाण्याची वाट थोडी बुजवून किंवा थोडी मोकळी करून प्रत्येक बांधीतले पाणी बेताचे ठेवतात, तशा स्वरूपाचे हे काम आहे. पुढे येणाऱ्या अनेक दाव्यांचे वजन ठरवताना ही मर्यादा विसरली गेली की घोटाळा होतो.

निरोगी हाडाच्या घडणीतही या तुकड्यांचा वाटा मोठा आहे. मूळपेशीने चरबीची पेशी व्हावे, कूर्चेची व्हावे की हाड घडवणारी व्हावे, याचा निर्णय ज्या प्रथिनांवर अवलंबून असतो त्यांत रनएक्स-२ हे प्रमुख आहे, आणि मिर-२०४ हा मायक्रोआरएनए या रनएक्स-२च्या संदेशाला दाबून ठेवतो. त्याची पातळी उतरल्याशिवाय पेशी हाडाच्या वाटेला लागत नाही. म्हणजे हाडाच्या पेशीची परिपक्वता ही अनेक मायक्रोआरएनएंच्या पातळ्या ठरावीक क्रमाने चढण्या-उतरण्याची घटना आहे. ऑस्टिओसार्कोमाची पेशी या वाटेवर मध्येच अडकलेली असते : हाड बनवण्याची ओढ तिला असते, पण थांबण्याची अवस्था ती कधीच गाठत नाही. वाढीच्या वयात, वाढीच्याच जागी हा रोग का होतो याचे पुरेसे उत्तर यातून मिळत नाही, तरी उत्तर कोठे शोधायचे याची दिशा मिळते.

मायक्रोआरएनए आणि कर्करोग यांचा पहिला ठोस संबंध हाडात नव्हे, रक्ताच्या कर्करोगात दिसला. २००२ साली जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांना असे आढळले की एका दीर्घकालीन रक्तकर्करोगात तेराव्या गुणसूत्राचा जो लहानसा भाग वारंवार गळून पडतो, त्यात मिर-१५ए आणि मिर-१६-१ यांची जनुके आहेत. हाडाच्या दृष्टीने ही जागा विशेष महत्त्वाची ठरते, कारण गुणसूत्राच्या त्याच पट्ट्यात आरबी-१ हे जनुक आहे, आणि डोळ्याच्या आनुवंशिक कर्करोगातून वाचलेल्या मुलांना पुढे ऑस्टिओसार्कोमा होण्याचा धोका याच जनुकातील दोषामुळे कित्येक पटींनी वाढतो. पेशीविभाजनाला लगाम घालणारे आरबी-१ आणि विभाजनाला चालना देणाऱ्या सायक्लिन डी-१ या प्रथिनाला दाबणारे मिर-१५ए व मिर-१६-१ असे शेजारीशेजारी असल्याने, या भागाला इजा झाली की दोन्ही बंधने एकदम सैल होण्याची शक्यता असते.

ऑस्टिओसार्कोमाच्या पेशीतील गुणसूत्रांची अवस्था इतर बहुतेक बालकर्करोगांपेक्षा फार विस्कटलेली असते. गुणसूत्रे तुटून, उलटसुलट जुळून, काही भाग अनेक पटींनी वाढून तर काही गमावून बसलेली असतात. या गोंधळात सातत्याने दिसणारी गोष्ट म्हणजे पी५३ या प्रथिनाचा ऱ्हास. पेशीच्या डीएनएला इजा झाली की तिचे विभाजन थांबवणे किंवा तिला मरणाच्या वाटेला लावणे हे पी५३चे काम. हे काम ते कसे करते याचा एक महत्त्वाचा धागा २००७ साली हाती आला : पी५३ थेट मिर-३४ कुळातील मायक्रोआरएनए तयार करवते आणि हे मायक्रोआरएनए विभाजनाला लागणाऱ्या आणि पेशीला मरणापासून वाचवणाऱ्या प्रथिनांची पातळी खाली आणतात. ऑस्टिओसार्कोमाच्या गाठींत मिर-३४ दोन वाटांनी दुबळा झालेला आढळतो. पी५३ नसल्याने त्याला आज्ञाच मिळत नाही, आणि शिवाय त्याच्या स्वतःच्या जनुकाचा काही भाग गळालेला किंवा रासायनिक खुणांनी बंद झालेला असतो. पुढे असेही दिसले की मिर-३४ए हा सी-मेट नावाच्या पृष्ठभागावरील ग्राहीला दाबतो, जो पेशीला जागा सोडून हालचाल करण्यास उद्युक्त करतो. प्रयोगातील उंदरांत मिर-३४ए परत दिल्यावर फुप्फुसांतील गाठी कमी झाल्या. वाढ आणि फैलाव या दोन्ही टोकांना एकाच रेणूची गैरहजेरी जोडते, म्हणून मिर-३४ला या विषयात मध्यवर्ती स्थान मिळाले आहे आणि ते योग्यच आहे.

तथापि रुग्णांच्या गाठींवरील पुराव्याच्या बळाने पाहिले तर सर्वांत भरवशाचा निष्कर्ष चौदाव्या गुणसूत्रावरून येतो. या गुणसूत्राच्या लांब भुजेवर ३२ क्रमांकाच्या पट्ट्यात पन्नासहून अधिक मायक्रोआरएनएंची वस्ती आहे, आणि या वस्तीचे वैशिष्ट्य असे की तेथील मायक्रोआरएनए केवळ आईकडून आलेल्या प्रतीवरून वाचले जातात, वडिलांकडील प्रत मूक असते. साहजिकच एका प्रतीला धक्का लागला तरी राखीव असे काही उरत नाही. मिनेसोटा विद्यापीठातील सुब्बय्या सुब्रमण्यन यांच्या गटाने २०१२ साली दाखवून दिले की ऑस्टिओसार्कोमाच्या गाठींत या वस्तीतील मायक्रोआरएनए एकत्रितपणे उतरलेले असतात, त्यांच्या उतरण्याने मिक हे वाढीला प्रचंड चालना देणारे प्रथिन स्थिर राहते, आणि मिक पुन्हा मिर-१७-९२ या दुसऱ्या समूहाला वाढवते, जो स्वतःच पेशीविभाजनाला खतपाणी घालतो. प्रयोगशाळेत यांपैकी काही मायक्रोआरएनए परत दिल्यावर मिक खाली आले आणि पेशी मरू लागल्या. पुढच्याच वर्षी याच पट्ट्याचा रोगाच्या भवितव्याशी संबंध असल्याचे माणसांबरोबर कुत्र्यांतही दिसून आले. मोठ्या जातीच्या कुत्र्यांना हा रोग माणसांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात होतो आणि तो तसाच फुप्फुसांकडे जातो. दोन प्राण्यांत, कोट्यवधी वर्षांच्या वेगळ्या वंशप्रवासानंतरही, तोच पट्टा तसाच वागत असेल तर त्याला योगायोग म्हणणे कठीण आहे. बोस्टनमधील संशोधकांनी २०१३ साली मेणात साठवलेल्या जुन्या गाठींवर हीच तपासणी केली आणि या पट्ट्यातील मायक्रोआरएनएंचा नमुना पाहून रोग परत येण्याचा धोका सांगता येतो, असे स्वतंत्र रुग्णगटात पडताळून दाखवले. या शेवटच्या अभ्यासाकडे महाराष्ट्राच्या दृष्टीने पुन्हा वळावे लागेल.

फैलाव ही एकच क्रिया नसून पायऱ्यांची मालिका आहे. पेशीला आजूबाजूचे घट्ट आधारद्रव्य विरघळवून बाहेर पडावे लागते, रक्तवाहिनीत शिरावे लागते, वाहत्या रक्तात जिवंत राहावे लागते आणि फुप्फुसाच्या केशवाहिन्यांच्या जाळ्यातून बाहेर पडून अनोळखी ऊतीत तग धरावा लागतो. हाडातून निघणाऱ्या रक्ताची वाट थेट हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसाकडे जात असल्याने पहिली गाळणी तेथेच लागते, हे फुप्फुसाच्या निवडीचे एक सरळ कारण. पहिल्या पायरीवर मिर-१४३चे काम जपानमधील संशोधकांनी २०११ साली उलगडले. कमी फैलावणारी मूळ पेशीरेषा (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेला पेशींचा वंश) आणि तिच्यातूनच काढलेली, उंदराच्या फुप्फुसात हमखास जाणारी पेशीरेषा यांची तुलना केली असता फैलावणाऱ्या पेशींत मिर-१४३ ठळकपणे कमी झालेला दिसला, आणि त्याच्या अभावी एमएमपी-१३ हे कोलॅजन तोडणारे विकर वाढले. मिर-१४३ उंदरांच्या शिरेतून दिल्यावर फुप्फुसांतील फैलाव रोखला गेला. मिर-२१चे वर्तन याच्या उलट आहे. तो बहुतेक सर्व कर्करोगांत वाढतो आणि ऑस्टिओसार्कोमातही आधारद्रव्य तोडणाऱ्या विकरांना आवर घालणाऱ्या रेक नावाच्या प्रथिनाला दाबून पेशीची वाट मोकळी करतो. मात्र तो साध्या दाहातही, जखम भरतानाही वाढत असल्याने रोगाची खूण म्हणून त्याची नेमकी किंमत कमी आहे.

गाठीच्या पेशी आपले मायक्रोआरएनए स्वतःजवळच ठेवत नाहीत, ही बाब गेल्या दशकात पुढे आली. पेशींतून बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म पुटिका, ज्यांना एक्झोसोम म्हणतात, त्यांत भरून हे तुकडे शेजारच्या निरोगी पेशींपर्यंत पोचतात. ऑस्टिओसार्कोमाच्या पुटिकांत मिर-१४८ए आणि मिर-२१ विशेष प्रमाणात असल्याचे इटलीतील अभ्यासात आढळले, आणि अशा पुटिकांच्या प्रभावाखाली हाड खाणाऱ्या पेशींची क्रिया आणि नव्या रक्तवाहिन्यांची वाढ बदलते असे दिसले. गाठ आपल्या भोवतीची जमीन स्वतःच तयार करून घेते, ही कल्पना जुनी आहे. मायक्रोआरएनएमुळे तिला मोजता येईल असे एक माध्यम मिळाले.

औषधाला न जुमानण्याच्या प्रश्नातही हे रेणू येतात. मिर-१४० हा कूर्चेत महत्त्वाचा असलेला मायक्रोआरएनए वाढला की ऑस्टिओसार्कोमाच्या पेशी हळू विभागू लागतात, आणि मेथोट्रेक्सेट हे औषध विभागणाऱ्या पेशींनाच मारत असल्याने त्या औषधाच्या तडाख्यातून वाचतात, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले. वाढ मंदावणारा रेणू रुग्णाच्या अहिताचा ठरू शकतो, हे या उदाहरणाने शिकवले. याहून गंभीर अडचण मिर-१३३एच्या बाबतीत दिसते. एका गटाच्या मते तो गाठींत कमी असतो आणि परत दिल्यास पेशी मरतात. दुसऱ्या गटाच्या मते गाठीतील मूळपेशीसदृश पेशींत तो वाढलेला असतो आणि त्याला केमोथेरपीच्या जोडीने रोखल्यास उंदरांच्या फुप्फुसांतील फैलाव कमी होतो. दोन्ही प्रयोग आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण गाठीतील सर्व पेशी सारख्या नसतात आणि संपूर्ण गाठीची सरासरी काढली की तिच्यातील मूठभर घातक पेशींचा आवाज हरवतो. पण या क्षेत्रातील वाङ्मयाचा फार मोठा भाग एक मायक्रोआरएनए, त्याचे एक लक्ष्य आणि दोन-तीन जुन्या पेशीरेषा अशा साच्यात लिहिला गेला आहे, आणि दर वर्षी त्यात भर पडत आहे. बशीत दशकानुदशके वाढवलेल्या पेशींत मायक्रोआरएनएची मात्रा नैसर्गिक पातळीच्या शेकडो पटींनी वाढवून मिळवलेला परिणाम रुग्णाच्या हाडात तसाच घडतो, असे मानायला आधार नाही. चौदाव्या गुणसूत्राचा पट्टा आणि मिर-३४ यांना इतरांपेक्षा वरचे स्थान द्यायचे ते एवढ्यासाठी की त्यांचा पुरावा रुग्णांच्या गाठी आणि प्राण्यांवरील प्रयोग अशा एकाहून अधिक दिशांनी येतो.

ऑस्टिओसार्कोमाखालोखाल मुलांमध्ये दिसणाऱ्या इविंग सार्कोमाचा येथे केवळ उल्लेख करणे पुरेसे आहे. तेथे दोन जनुके जुळून तयार झालेले एकच संकर-प्रथिन रोगाला कारण असते, आणि ते लेट-७ व मिर-१४५ या दोन्ही मायक्रोआरएनएंना दाबून पेशीला अपक्व अवस्थेत ठेवते. कारण एक असल्याने चित्र स्वच्छ आहे. ऑस्टिओसार्कोमात ती सोय नाही.

मायक्रोआरएनए रक्तात आश्चर्यकारकपणे टिकून राहतात, कारण ते प्रथिनांत किंवा पुटिकांत गुंडाळलेले असतात. त्यामुळे रक्ताच्या थेंबावरून हाडाच्या कर्करोगाची चाहूल घेण्याची आशा निर्माण झाली. ऑस्टिओसार्कोमाच्या रुग्णांच्या रक्तात मिर-२१ वाढल्याचे आणि मिर-१४३ व मिर-१९९ए घटल्याचे चीनमधील अभ्यासांत दिसले, तर जपानमधील अभ्यासाने मिर-२५वर बोट ठेवले. यांच्या याद्या एकमेकींशी फारशा जुळत नाहीत. रक्त किती वेळाने वेगळे केले, त्यात तांबड्या पेशी फुटल्या होत्या का, मोजमाप कशाच्या तुलनेत केले, या साध्या बाबींनी निकाल फिरतो. शिवाय इतक्या विरळ रोगासाठी निरोगी मुलांची सरसकट रक्ततपासणी करणे व्यवहार्य नाही. चुकीच्या होकारांची संख्या खऱ्या रुग्णांना सहज झाकून टाकेल. रक्तातील मायक्रोआरएनएचा उपयोग झाला तर तो निदान झालेल्या रुग्णाच्या पाठपुराव्यात, फुप्फुसातील गाठ सीटी स्कॅनमध्ये दिसण्याआधी तिची सूचना मिळण्यात, अधिक होईल.

उपचारांच्या बाबतीत आतापर्यंतचा अनुभव कठोर आहे. मिर-३४एची कृत्रिम प्रत चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून तयार केलेले एमआरएक्स३४ हे औषध २०१३ साली पहिल्या टप्प्याच्या मानवी चाचणीत आले. मायक्रोआरएनएची प्रत कर्करोगाच्या रुग्णांना देण्याचा तो पहिला प्रयत्न होता. यकृताच्या आणि इतर पुढे गेलेल्या कर्करोगांच्या मोजक्या रुग्णांत गाठी लहान झाल्या, पण रोगप्रतिकार यंत्रणेच्या तीव्र प्रतिक्रिया उद्भवल्या, चार रुग्ण दगावले आणि सप्टेंबर २०१६मध्ये चाचणी थांबवण्यात आली. रेणू योग्य असला तरी तो नेमक्या पेशीपर्यंत, नेमक्या मात्रेत पोचवण्याचे साधन हाती नाही हे त्यातून दिसले. हाडातील घट्ट, खनिजांनी भरलेली आणि रक्तपुरवठा विषम असलेली गाठ हे तर त्याहून कठीण लक्ष्य आहे. म्हणून या विषयातील नजीकच्या काळाची अपेक्षा औषधापेक्षा निदानावर ठेवणे अधिक प्रामाणिक ठरते.

ही अपेक्षा महाराष्ट्रातील प्रत्यक्ष परिस्थितीवर ठेवून पाहिली पाहिजे. उदाहरणादाखल, भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील वरठी हे गाव सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यामुळे आणि भंडारा रोड रेल्वेस्थानकामुळे जिल्ह्यात परिचित आहे. मुंबई-नागपूर-हावडा मार्गावरील हे स्थानक भंडारा शहराचेही रेल्वेचे दार आहे. येथील एखाद्या मुलाचा गुडघा दुखू लागला की तो खेळताना लागलेला मार समजला जाणे स्वाभाविक आहे, आणि एका डॉक्टरच्या संपूर्ण कारकिर्दीत असा रुग्ण एखादाच येत असल्याने पहिल्या भेटीत संशय न येणेही समजण्यासारखे आहे. तेल लावून चोळणे किंवा हाडवैदाकडून बांधून घेणे यात आठवडे जातात. रात्री झोपेतून जागे करणारे, विश्रांतीनेही न थांबणारे आणि एकाच बाजूला असलेले दुखणे क्ष-किरण चित्राची मागणी करते, आणि सूज आलेल्या जागी चोळणे टाळायला हवे, एवढे ज्ञान या टप्प्यावर कोणत्याही रेणूपेक्षा मोलाचे आहे. त्यानंतरची वाट सुमारे ६० किलोमीटरवरच्या नागपूरला, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एम्स किंवा जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था यांपैकी कोठेतरी जाते, आणि अनेकांच्या बाबतीत त्याच लोहमार्गाने मुंबईच्या परळमधील टाटा स्मारक रुग्णालयापर्यंत पोचते, जे १९४१ साली सुरू झाले आणि ज्याच्या अस्थिविभागाचा अनुभव देशात सर्वांत मोठ्यांपैकी आहे. या प्रवासात नातेवाइकांच्या पिशवीत फाइल आणि फिल्मबरोबर आणखी एक वस्तू असते, जिला सगळे नुसते ब्लॉक म्हणतात : बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून केलेला लहान ठोकळा.

मायक्रोआरएनएच्या दृष्टीने हा ब्लॉक फार मौल्यवान आहे. लांब संदेशवाहक आरएनए फॉर्मॅलिन आणि मेणात काही वर्षांत तुकडे होऊन निरुपयोगी होतो, पण मायक्रोआरएनए मुळातच इतका आखूड असतो की तो तग धरतो; वर आलेला बोस्टनचा अभ्यास याच गुणावर उभा होता. नवी मुंबईतील एका कामानेही हे सिद्ध झाले आहे. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक या संशोधन संस्थेत नीलम शिरसाट यांच्या गटाने मेड्युलोब्लास्टोमा या मुलांच्या मेंदूतील कर्करोगावर काम करताना, निवडक जनुके आणि मायक्रोआरएनए मोजून त्या रोगाचे चार उपप्रकार मेणातील ब्लॉकवरून ओळखणारी चाचणी विकसित केली आणि २०१३ साली प्रसिद्ध केली. पुढे याच गटाने मिर-२०४ कमी असलेल्या गाठी अधिक आक्रमक असतात हेही दाखवले. महागड्या जनुकवाचनाऐवजी अनेक प्रयोगशाळांत असणाऱ्या पीसीआर यंत्रावर चालणारी ही पद्धत हाडाच्या कर्करोगासाठी नमुना म्हणून समोर ठेवण्याजोगी आहे.

परदेशातील यादी उचलून येथे वापरणे मात्र पुरेसे होणार नाही, आणि त्याचे कारण औषधांत आहे. उच्च मात्रेतील मेथोट्रेक्सेट देताना रक्तातील औषधाची पातळी वारंवार मोजावी लागते, रुग्णाला भरती ठेवावे लागते आणि खर्च वाढतो. म्हणून टाटा रुग्णालयाने ते वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फामाइड यांवर आधारलेली ओजीएस-१२ ही उपचारपद्धती बसवली आणि तिचे निकाल प्रसिद्ध केले. मिर-१४०चा मेथोट्रेक्सेटशी असलेला संबंध वर आलाच आहे. ज्या रुग्णाला ते औषध त्या मात्रेत दिलेच जात नाही, त्याच्या भवितव्याबद्दल मेथोट्रेक्सेटवर वाढलेल्या रुग्णगटातून काढलेली मायक्रोआरएनएची यादी काय सांगेल हे गृहीत धरता येत नाही. चौदाव्या गुणसूत्राच्या पट्ट्यासारखी खूण, जी औषधापेक्षा गाठीच्या मूळ स्वभावाशी बांधलेली दिसते, तिची पडताळणी महाराष्ट्रातील रुग्णांच्या ब्लॉकवर प्रथम व्हायला हवी, आणि प्रतिसादाच्या खुणा येथील उपचारपद्धतीतून नव्याने शोधायला हव्यात. नागपुरात लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी १९८०पासून चालू आहे आणि २०१२ साली टाटा केंद्राच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यामुळे देशभरची रुग्णालये एकत्र काम करू लागली आहेत; विरळ रोगाचे पुरेसे रुग्ण एका अभ्यासात आणायचे तर याच दोन व्यवस्थांचा उपयोग होऊ शकतो.

यात एक अडचण अगदी प्रयोगशाळेच्या टेबलावरची आहे आणि ती हाडापुरतीच आहे. हाडाचा तुकडा कॅल्शियममुळे कठीण असल्याने मेणात बसवण्याआधी त्यातील कॅल्शियम काढावे लागते. कामाच्या घाईत हे नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लाने काही तासांत उरकले जाते. तीव्र आम्ल सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्राला फारसे बिघडवत नाही, पण आरएनएची साखळी जागोजागी तोडते आणि तसा ब्लॉक पुढे रेणवीय तपासणीस जवळजवळ निकामी होतो. ईडीटीए या द्रव्याने तेच काम आरएनए बऱ्याच अंशी राखून होते, मात्र त्याला कित्येक दिवस लागतात आणि उपचार सुरू करण्याची घाई असलेल्या मुलाच्या बाबतीत प्रत्येक दिवस मोजला जातो. व्यवहारात यावर तोडगा आहे : बायोप्सी घेतानाच गाठीचा मऊ, खनिज नसलेला भाग वेगळा काढून तो कॅल्शियम न काढता स्वतंत्र ब्लॉकमध्ये बसवायचा, कठीण भागावर नेहमीची प्रक्रिया करायची, आणि कोणत्या ब्लॉकवर कोणते द्रव्य किती वेळ वापरले हे अहवालात लिहून ठेवायचे. यासाठी नवे यंत्र लागत नाही. नागपूरच्या किंवा कोणत्याही जिल्ह्याच्या विकृतिशास्त्र विभागाला ते आजही करता येते, आणि ते केले गेले तरच वरठीहून निघालेल्या ब्लॉकमधील मायक्रोआरएनए खारघरच्या यंत्रावर वाचता येण्याजोगा राहील.